आधी माणसं मोजा, मग आजारी: युद्धानंतरच्या शहरात साथीची नोंद कशी ठेवावी (मुंबईच्या वस्तीतल्या सरावासह)

मी मुंबईत परिचारिकांना, स्वयंसेवकांना आणि नुकत्याच डॉक्टर झालेल्या मुलामुलींना साथीची नोंद ठेवायला शिकवते. त्यातले काहीजण पुढे मदतपथकांबरोबर युद्धातून बाहेर पडलेल्या शहरांत जातात, बाकीचे इथल्याच वस्त्यांत काम करतात. सराव गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत होतो आणि दर तुकडीत तीच चूक होते. वस्तीत पाऊल टाकलं की मुलं आजारी माणसं शोधू लागतात. संध्याकाळी माझ्यासमोर सत्तावीस जणांची यादी येते. मी विचारते, "सत्तावीस, पण कितींपैकी? आणि आजार सुरू कधी झाला?" दोन्हींचं उत्तर कुणाकडे नसतं. अशा यादीवरून साथ वाढतेय की ओसरतेय, हे सांगता येत नाही. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. टप्पे उलटसुलट करू नका.

मुंबई म्हणजे युद्धभूमी नव्हे, ती तुलना मला मान्य नाही. पण सरावाला लागणाऱ्या काही गोष्टी इथे आहेत. पाणी दिवसातून काही तासच येतं, बाकी वेळ नळाच्या पाइपात दाब नसतो आणि जिथे पाइप फुटलेला असतो तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. बॉम्बहल्ल्यात वीज गेलेल्या आणि पंप बंद पडलेल्या शहरातही नेमकं हेच होतं. माणसं सतत येत-जात असतात. आणि सरकारी कागद घेऊन दारात आलेल्या माणसाची भीती इथेही असते.

निघण्यापूर्वी काय हवं

दोन जाड नोंदवह्या (रुग्णांची एक, नावांची एक), आलेखाचे चौकटीचे कागद, पेन्सिल, खोडरबर, वस्तीचा हाताने काढलेला नकाशा, क्लोरोस्कोप (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून तपासायचं साधन), ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर. मोबाइल अ‍ॅप असेल तर उत्तम, पण वही आधी. जागतिक आरोग्य संघटना संकटग्रस्त भागांसाठी एक तयार पेटी पाठवते. तिच्यात मोबाइल, लॅपटॉप आणि सौर चार्जर असतात आणि तिच्यावर सुमारे ५० दवाखान्यांची, म्हणजे साधारण ५ लाख लोकांची नोंद चालते. पण ती पेटी पोहोचेपर्यंतचे पहिले आठवडे वहीवरच काढावे लागतात आणि ज्याला वही जमत नाही त्याला अ‍ॅपही जमत नाही.

मुंबईत सराव करत असाल तर वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जवळच्या हेल्थ पोस्टला (महापालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्राला) आधी भेटा. आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात संशयित (आरोग्यसेवकांनी लक्षणांवरून ओळखलेल्या), अनुमानित (डॉक्टरांनी तपासून ठरवलेल्या) आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या रुग्णांची वेगवेगळी नोंद होते. तुमचं काम त्या यंत्रणेला खबर पोहोचवण्याचं आहे, तिला समांतर दुसरी उभी करण्याचं नाही. युद्धानंतरच्या शहरातही हाच नियम पाळा: तिथलं आरोग्य खातं कितीही मोडकळीला आलेलं असो, शिल्लक असलेला माणूस शोधा आणि त्याच्या हाताखाली काम करा.

टप्पा १: शब्द निवडा, मग दार ठोठवा

मुंबईच्या झोपडपट्टीत 'सर्व्हे' हा शब्द तोंडातून काढू नका. सर्व्हे म्हणजे पात्र-अपात्र, सर्व्हे म्हणजे खोली जाणार की राहणार. हा शब्द ऐकला की पोटमाळ्यावरचा भाडेकरू यादीतून गायब होतो आणि गावी असलेला मुलगा घरात हजर होतो. 'घरात कुणाला ताप, जुलाब आहेत का ते विचारायला आलोय' एवढंच सांगा. आधार कार्ड, लाइट बिल, रेशन कार्ड यांपैकी काहीही मागू नका, दाखवलं तरी बघू नका.

युद्धानंतर ही भीती जास्त खोल असते. तिथे यादीत नाव येण्याचा परिणाम जिवावर बेतू शकतो. विशीतले-तिशीतले पुरुष नोंदणीपासून लांब राहतात. याउलट, ही यादी धान्यवाटपाची आहे असा समज झाला तर घरातली माणसं दुप्पट सांगितली जातात. म्हणून धान्याची यादी आणि आजाराची वही कधीही एकाच माणसाच्या हातात देऊ नका. कोण कुठून आलं, कोणत्या बाजूचं होतं, घर कसं पडलं, हे प्रश्न तुमच्या कामाचे नाहीत. कुणी आपणहून सांगितलं तर शांतपणे ऐका, लिहू नका.

खबरदारी: रुग्णाच्या वहीत नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांकाची जोडी दुसऱ्या वहीत, आणि ती वही एकाच माणसाकडे कुलपात. रुग्णयादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचा नाही. एका सरावात एका उत्साही मुलाने तो टाकला, दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या पाच घरांनी दार उघडलं नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

टप्पा २: माणसं मोजा

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, आणि सगळं काम याच्यावरच उभं आहे.

समजा अ गल्लीत जुलाबाचे २० रुग्ण आहेत आणि ब गल्लीत १२. धाव कुठे घ्याल? आता माणसं मोजा. अ गल्लीत २,००० लोक राहतात, म्हणजे हजारी १०. ब गल्लीत ४००, म्हणजे हजारी ३०. पाणी ब गल्लीचं तपासायला हवं होतं, आणि लोकसंख्या माहीत नसती तर तुम्ही दिवसभर अ गल्लीत बसला असता.

पूर्ण जनगणना करत बसू नका, आठवडा जाईल. असं करा:

१. वस्तीत फिरून सगळ्या खोल्या मोजा. मुंबईत दारं मोजून भागत नाही, लोखंडी शिड्याही मोजा, कारण शिडीच्या वर बहुतेकदा वेगळं बिऱ्हाड असतं. पडक्या शहरात तंबू, शाळेचे वर्ग, तळघरं, अर्ध्या पडलेल्या इमारतींचे वापरात असलेले मजले, सगळं मोजा.

२. दर दहाव्या दारी थांबा आणि एकच प्रश्न विचारा: काल रात्री इथे किती जण झोपले? त्यांतले पाच वर्षांखालचे किती?

३. गुणाकार करा. ६४० खोल्या आहेत, ६४ ठिकाणी विचारलं, ३०१ माणसं आणि ३८ लहान मुलं निघाली, तर वस्ती सुमारे ३,०१० लोकांची आणि पाच वर्षांखालची मुलं सुमारे ३८०.

'कुटुंबात किती जण?' असं विचारलं की गावची आजी आणि दुबईचा भाऊ दोघंही मोजले जातात. 'काल रात्री किती झोपले' हा प्रश्न खोटं बोलायला अवघड आणि उत्तर द्यायला सोपा आहे. दहावं दार बंद असेल तर संध्याकाळी पुन्हा जा. शेजारचं दार त्याच्या बदली घेऊ नका, कारण दिवसा बंद असलेली घरं कामाला जाणाऱ्यांची असतात आणि तीच सुटतात. जरीच्या कारखान्यात पाळीने झोपणारी मुलंही मोजायची.

तपासणी: हा आकडा दर पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. मुंबईत मे महिन्यात आणि गणपतीत निम्मी चाळ गावी जाते. युद्ध थांबलेल्या शहरात उलटं होतं, रोज ट्रक भरून माणसं परततात. रुग्ण वाढले असं वाटतं तेव्हा आधी बघा, माणसं वाढलीत का.

टप्पा ३: आठच आजार निवडा आणि प्रत्येकाची व्याख्या एका ओळीत लिहा

तीस आजारांची यादी करणारा शेवटी एकाचीही नीट नोंद ठेवत नाही. निवडताना तीन प्रश्न: हा आजार झपाट्याने पसरतो का, जीव घेतो का, आणि कळल्यावर आपण काही करू शकतो का?

आमच्या सरावाची यादी अशी:

• पाण्यासारखे जुलाब: २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच, रक्त नाही.
• रक्ती हगवण: पातळ शौचात डोळ्यांना दिसेल असं रक्त.
• गोवराचा संशय: ताप आणि अंगावर लाल पुरळ, पण पाणी भरलेले फोड नाहीत.
• लुळेपणा: १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणं.
• घटसर्पाचा संशय: घसा दुखतो आणि टॉन्सिलवर घट्ट चिकटलेला राखाडी पापुद्रा दिसतो. तो खरवडून बघू नका, रक्त येतं.
• कावीळ: अचानक पिवळे झालेले डोळे.
• मेंदूज्वराचा संशय: अचानक ताप आणि आखडलेली मान.
• दुसरं कारण न सापडलेला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्यावरचा ताप.

आणि नववी ओळ कायमची: मृत्यू, कारण काहीही असो.

यादी जागेप्रमाणे बदला. मुंबईत पावसाळ्यात लेप्टो (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) जोडावाच लागतो, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहराने त्याची किंमत मोजली आहे. सीरियात युद्धाच्या काळात वाळूमाशीमुळे होणारे त्वचेचे व्रण खूप वाढले, तिथे तो आजार यादीत हवा. क्षयरोग मात्र दर आठवड्याच्या या वहीत घालू नका. युद्धात क्षयाच्या रुग्णांच्या औषधांत खंड पडतो. त्यांची वेगळी यादी करून एकेकाला शोधून काढावं लागतं. तो संथ आजार आहे, त्याला आठवड्याचा इशारा उपयोगाचा नाही.

'व्याख्या कशाला, डॉक्टर बघतीलच की' हे मी फार ऐकलंय. डॉक्टर प्रत्येक ठिकाणी नसतात. असले तरी एकजण दोनदा पातळ झालं की जुलाब म्हणतो, दुसरा पाच वेळा झाल्यावर. मग नोंद होते ती डॉक्टरांच्या सवयींची, आजाराची नाही. व्याख्या थोडी सैल असली तर चालेल, पण सगळ्यांची एकच हवी आणि ती मधेच बदलू नये.

व्याख्या लोकांच्या शब्दांतही लिहून घ्या. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवर पसरला. अशा वेळी प्रत्येक घरात 'गोवर' हाच शब्द ऐकू येत नाही. खसरा, माता, दाणे असं बरंच काही ऐकू येतं. परक्या शहरात पहिल्याच दिवशी तिथल्या एखाद्या सुईणीबरोबर किंवा परिचारिकेबरोबर बसून हे शब्द गोळा करा. दुभाषा शहरी आणि शिकलेला असेल तर त्याला हे शब्द माहीत नसतात.

टप्पा ४: खबर कुठून येणार ते ठरवा

आजारी माणूस पहिल्यांदा कुठे जातो? गोवंडीत तो आधी गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलवाल्याकडे जातो, मग खासगी क्लिनिकमध्ये आणि आणखी बिघडला तर मोठ्या रुग्णालयात. फक्त रुग्णालयाची नोंद घेतली तर तुम्हाला साथ उशिरा आणि अर्धी दिसते. म्हणून खबरे वाटून घ्या: दोन मेडिकल स्टोअर, तीन-चार खासगी डॉक्टर, आशाताई, आरोग्य सेविका, एखादी बालवाडी आणि कब्रस्तान-स्मशानातला नोंद ठेवणारा माणूस.

हा शेवटचा माणूस कुणाला सुचत नाही. दवाखाने बंद पडलेल्या शहरातही अंत्यविधी थांबत नाहीत. दफनभूमीत रोज किती नव्या कबरी झाल्या हे मोजणं, विशेषतः लहान मुलांच्या किती, हा मृत्यूंचा सर्वांत भरवशाचा आकडा ठरू शकतो. त्याच्याशी बोलताना घाई करू नका, त्यालाही कुणी विचारलेलं नसतं.

मृत्यूंसाठी एक मोजपट्टी लक्षात ठेवा. दर १०,००० लोकांमागे दिवसाला एकाहून जास्त मृत्यू म्हणजे आणीबाणी. पाच वर्षांखालच्या मुलांत ही रेषा दिवसाला दोनची. आपल्याकडे शांततेच्या काळात वर्षाला हजारी सहा-सात मृत्यू होतात, म्हणजे याच मापाने दिवसाला ०.२ च्या आसपास. आता हिशेब बघा: ५,००० लोकांच्या वस्तीत एका आठवड्यात चार मृत्यू झाले तर १.१४. चार हा आकडा किती लहान वाटतो! छेद, म्हणजे वस्तीची लोकसंख्या, मांडला नसता तर कुणी मान वर करून पाहिलंही नसतं.

टप्पा ५: रुग्णवही

एका रुग्णाची एक ओळ. रकाने एवढेच: क्रमांक, वय (पाच वर्षांखाली महिन्यांत), स्त्री की पुरुष, गल्ली आणि खोली, आजार सुरू झाल्याची तारीख, नोंदीची तारीख, कोणती व्याख्या लागू, पिण्याचं पाणी कुठलं, गोवराची लस झाली का, नमुना घेतला का, पुढे काय झालं.

सर्वांत जास्त चुका होतात त्या आजार सुरू झाल्याच्या तारखेत. तुम्हाला भेटल्याची तारीख ती नव्हे, दवाखान्यात गेल्याचीही नव्हे. पहिलं लक्षण कधी दिसलं ती तारीख हवी. लोकांना तारखा आठवत नाहीत, घटना आठवतात. 'पाणी आलं नव्हतं त्या दिवशी की नंतर?' 'दहीहंडीच्या आधी?' 'मागच्या शुक्रवारी हा नमाजला गेला होता का?' असं विचारा. युद्धानंतरच्या शहरात अशा खुणा वेगळ्या असतात: वीज परत आली तो दिवस, धान्याचा ट्रक आला तो दिवस. जाण्याआधी अशा पाच-सहा खुणांची दिनदर्शिका करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

दुसरी चूक पत्त्याची. 'नाक्याच्या मागे, मशिदीजवळ' हा पत्ता नव्हे. नकाशावरचा गल्लीचा क्रमांक लिहा. तिसरी चूक, एकच मूल तीनदा मोजणं: एकदा मेडिकलवाल्याकडून, एकदा क्लिनिकमधून, एकदा आशाताईंकडून. वय, लिंग, खोली आणि सुरुवातीची तारीख सारखी दिसली की थांबा आणि खात्री करा.

तपासणी: दिवसअखेर कुठल्याही पाच ओळी उचला आणि दुसऱ्या माणसाला त्या घरी पाठवून पुन्हा विचारा. दोनहून जास्त ठिकाणी तारीख जुळली नाही तर दुसऱ्या दिवशी नव्या नोंदी थांबवा आणि विचारण्याची पद्धत दुरुस्त करा.

टप्पा ६: सोमवारी दुपारी बारापर्यंत, शून्य असलं तरी

आठवडा सोमवार ते रविवार धरा. दर सोमवारी दुपारी बाराच्या आत प्रत्येक खबऱ्याकडून आकडा आला पाहिजे. रुग्ण नसेल तर 'शून्य' असा निरोप आला पाहिजे. निरोप न येणं म्हणजे शून्य नव्हे. दवाखाना बंद असेल, फोन बंद असेल, किंवा तिथे इतके रुग्ण असतील की मोजायला उसंत नाही. या तिसऱ्या शक्यतेची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते.

उदाहरण घ्या. मागच्या आठवड्यात दहा दवाखान्यांनी मिळून जुलाबाचे ३० रुग्ण कळवले. या आठवड्यात २४. साथ ओसरली? पण या वेळी कळवलं सहाच दवाखान्यांनी. मागच्या वेळी दवाखान्यामागे तीन, आता चार. साथ वाढतेय. म्हणून फळ्यावर रुग्णांच्या आकड्याशेजारी नेहमी 'दहापैकी सहा' असं लिहा. ते नसेल तर तो आकडा वाचूच नका.

उलट बाजूही आहे. मोफत औषधांचं शिबिर लागलं, नवा दवाखाना उघडला किंवा रस्ता खुला झाला की आकडा एकदम फुगतो. तेव्हा आजार वाढलेला नसतो, आजारी माणसं दिसू लागलेली असतात. अशा प्रत्येक घटनेची तारीख आलेखावर पेन्सिलीने टिपून ठेवा.

टप्पा ७: इशारा आला, आता काय

काही आजारांत एकच रुग्ण पुरेसा असतो: लुळेपणा, घटसर्पाचा संशय, गोवराचा संशय. पाच वर्षांवरचा कुणी जुलाबाने पार सुकून गेला किंवा दगावला, तर तोही एकटाच इशारा आहे, कॉलरा समजून कामाला लागा. ताप आणि कावीळ यांच्यासाठी सोपा नियम: मागच्या तीन आठवड्यांच्या सरासरीच्या दुप्पट झाले की इशारा.

'एकच तर मूल आहे' असं म्हणणाऱ्यांना मी सीरियाचं सांगते. तिथे १९९९ नंतर पोलिओ नव्हता. युद्धात लसीकरण तुटलं आणि २०१३ मध्ये देर एझ-झोर भागात मुलं लुळी पडू लागली. गाझात २०२४ च्या जुलैत सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला लुळेपणा आल्याचं सिद्ध झालं. लागण झालेल्यांपैकी फार थोडी मुलं लुळी पडतात, त्यामुळे एक लुळं मूल दिसतं तेव्हा विषाणू कितीतरी घरांत फिरलेला असतो. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुनेही २००१ पासून पोलिओसाठी तपासले जातात, ते याचसाठी.

इशाऱ्यानंतरचा क्रम:

१. २४ तासांत स्वतः जा. फोनवर खात्री होत नाही.

२. व्याख्येत बसतं का ते बघा. 'गोवर' म्हणून कळवलेली निम्मी मुलं घामोळ्याची निघू शकतात.

३. वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा.

४. औषध सुरू होण्याआधी नमुना घ्या. जुलाबाचा नमुना वाहतुकीसाठीच्या कॅरी-ब्लेअर माध्यमात. लुळेपणात शौचाचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, बर्फात.

५. अहवालाची वाट न बघता ओआरएस वाटा, पाण्यात क्लोरीन आहे का तपासा, नसेल तर घालायला लावा.

पाचवा मुद्दा लोक चौथ्याच्या अहवालानंतर करतात. कॉलरा शरीरात शिरल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत दिसतो. अहवाल हातात येईपर्यंत पुढची फळी आजारी पडलेली असते. येमेनमध्ये २०१६ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या कॉलऱ्याचे संशयित रुग्ण २०१७ संपेपर्यंत दहा लाखांवर गेले होते. एवढ्या सगळ्यांचे नमुने कुणी तपासत बसत नाही, बसूही नये. पहिल्या काही नमुन्यांत कॉलरा सिद्ध झाला की पुढे व्याख्येवर मोजायचं आणि अधूनमधून थोडे नमुने पाठवत राहायचं.

क्लोरीन नळावर तपासून परत येऊ नका. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असलेलं पाणी पिंपात आठ तास राहिलं की शून्य होतं, असं मी कितीदा पाहिलंय. पाच घरांच्या पिंपांतलं पाणी तपासा, क्लोरोस्कोपचे थेंब टाकल्यावर रंग लगेच वाचा. आणि पाणी पिंपातून कशाने काढतात ते बघा: लांब दांड्याच्या ओगराळ्याने की हात बुडवून पेल्याने.

खबरदारी: घटसर्प आणि गोवराच्या घरी लस न झालेल्या स्वयंसेवकाला पाठवू नका. गोवर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत पसरतो, म्हणजे घरच्यांना कळतं तेव्हा शेजारची मुलं सापडलेली असतात. पुरळवालं मूल दिसलं की त्या मुलापाशी फार वेळ न घालवता आजूबाजूच्या घरांत लस न झालेली मुलं शोधा.

टप्पा ८: आलेख आणि नकाशा, हातानेच

चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेत आजार सुरू झाल्याच्या तारखा. एक रुग्ण म्हणजे एक भरलेला चौकोन, एकावर एक. एकदम उंच जाऊन झटकन उतरणारा आलेख म्हणजे बहुतेकदा सगळ्यांनी एकाच वेळी काहीतरी खाल्लं-प्यायलं, मग ते लग्नाचं जेवण असो की एक टँकर. हळूहळू, लाटालाटांनी चढणारा आलेख म्हणजे माणसाकडून माणसाकडे चाललंय.

इथे हमखास फसगत होते. शेवटचे तीन-चार दिवस आलेख नेहमी खाली येताना दिसतो, कारण त्या दिवसांत आजारी पडलेले अजून तुमच्यापर्यंत पोहोचलेलेच नसतात. शेवटच्या चार दिवसांवर फिकी पेन्सिल फिरवा आणि त्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नका. 'साथ आटोक्यात' अशी घोषणा या उतरत्या टोकावरून झाली की पुढच्या आठवड्यात लोकांचा विश्वास कायमचा जातो.

नकाशावर घरांपेक्षा पाण्याच्या वाटा आधी काढा: कुठल्या नळावरून कुठली घरं भरतात, मोटर लावून कोण ओढतं, संडासाची टाकी कुठे आहे, पाइप गटारातून कुठे गेलाय. मग रुग्णांचे ठिपके. एका सरावात ठिपके तीन गल्ल्यांत विखुरलेले दिसत होते, काही अर्थ लागेना. पाइप काढल्यावर तिन्ही गल्ल्यांचे ते कोपरे एकाच जोडणीवर निघाले आणि ती जोडणी गटारात बुडालेली होती. गल्ली हा आपल्या सोयीचा विभाग आहे, पाणी गल्ली बघून वाहत नाही.

काविळीत मात्र आजच्या पाण्यावर दोष ठेवताना जपून. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ दोन आठवडे ते दोन महिने दबा धरून राहते, तेव्हा साधारण सव्वा-दीड महिन्यापूर्वी पाणी कुठलं होतं ते विचारा. आणि घरात गरोदर बाई असेल तर तिला सर्वांत आधी डॉक्टरांकडे पोहोचवा, ही कावीळ तिच्या जिवावर उठते.

टप्पा ९: खबर परत द्या, वही कधी मिटायची ते ठरवा

ज्याने आकडा दिला त्याला दर बुधवारपर्यंत एका पानात परत सांगा: काय दिसलं, त्यावर काय केलं. मेडिकलवाला तीन आठवडे फुकट आकडे देईल, चौथ्या आठवड्यात देणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. लोकांना सांगताना रुग्णाचं घर, जात, धर्म, कुठून आला, यातलं काहीही नको. 'तिसऱ्या जोडणीचं पाणी उकळून प्या' एवढं पुरतं.

शेवटचा रुग्ण बरा झाला म्हणून वही मिटू नका. त्या आजाराचा शरीरात दबून राहण्याचा जास्तीत जास्त काळ घ्या, दुप्पट करा आणि तेवढे दिवस शून्याचे निरोप घेत राहा. गोवरासाठी हे ४२ दिवस धरतात. या दिवसांत खबरे कंटाळतात, म्हणून सोमवारचा फोन तुम्ही स्वतः करा.

वही सोपवताना ती पुढच्या माणसाबरोबर बसून एकदा पूर्ण वाचा. पहिल्या पानावरची खुणांची दिनदर्शिका, गल्ल्यांचे क्रमांक, कोणत्या आठवड्यात किती खबऱ्यांनी कळवलं, हे त्याला तोंडी समजावून द्या. नावांची वही वेगळी, सही घेऊन, फक्त तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा दर दहाव्या दारी जाऊन काल रात्री किती झोपले ते विचारा, म्हणजे पुढच्या माणसाला पहिल्या दिवसापासून ताजा आकडा मिळेल.